न वाचलेलं अर्धं पान

ता. ४ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद आधी घे, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

लिहितोय तुझा बाप, बोलतेय मी. आज त्याची सुट्टी आहे, म्हणजे अजून कोणाच्या इमारतीत लिफ्ट अडकलेली नाही. माझं निम्मं बोलणं त्याला पटत नाही. जिथे पटत नाही तिथे तो पेन जोरात दाबतो. तुला ते अक्षरात दिसेल, मला इथे टेबल हललं की कळतं.

हॉस्टेलवर जाऊन तुला दीड महिना झाला आणि पत्र आलं एक, तेही चार ओळींचं. मी ठीक आहे, गादी कडक आहे, अभ्यास बरा आहे. गादीची चौकशी मी केली नव्हती. मला अभ्यास ऐकायचाय. त्या सगळं-सगळं शिकवणाऱ्या कॉलेजात तुला मी घातलंय, आणि त्यासाठी तुझ्या बापाशी तीन आठवडे अबोला धरलाय. त्याचं म्हणणं, एक विद्या धरावी, मुळापर्यंत जावं, मग कोणी हलवू शकत नाही. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस कविता म्हणणाऱ्याला हाक मारत नाही, हे त्याचं वाक्य तू शंभरदा ऐकलंस. मी म्हटलं, तू त्याला सोडवतोस हे कबूल, पण तू पोचेपर्यंतचा अर्धा तास तो बिचारा आत करतो काय? (टेबल हललं.)

पालक म्हणून सही करायला त्याने नकार दिला तेव्हा अंगठा कोणी उठवला? मी. कॉलेजच्या दप्तरात तुझी पालक मी आहे, तो नाही. तेव्हा पालकाला सविस्तर लिहायचं.

चाळीस वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात काढली. डॉक्टरांची पुस्तकं, वकिलांची, पक्ष्यांची, यंत्रांची, प्रेमाच्या गोष्टींची, सगळी या हातांखालून गेली. कुठला कागद पावसाळ्यात फुगतो ते सांगेन, पण आत काय लिहिलं होतं ते विचारू नकोस. ते आता तू वाचायचंस आणि मला सांगायचंस. एवढंच माझं म्हणणं, बाकी गादीवर चादर दुहेरी घाल.

तुझी आजी

ता. २३ ऑगस्ट

प्रिय आजी,

सविस्तर हवंय ना, मग घे.

सोमवारी सकाळी तारे कसे जन्मतात. दुपारी नीतिशास्त्र. मंगळवारी जुने व्यापारी रस्ते. बुधवारी निबंध, निबंधावर चर्चा, चर्चेवर निबंध. गुरुवारी ‘शरीर आणि समाज’. शुक्रवारी चित्र कसं पाहावं. प्रत्येक विषयाच्या नावापुढे ‘ओळख’ असा शब्द आहे. एखाद्या समारंभात शंभर जणांशी हात मिळवावेत आणि बाहेर पडताना एकाचाही चेहरा आठवू नये, तसं माझं झालंय. आमचे सर म्हणतात, उत्तरांच्या मागे लागू नका, प्रश्न विचारायला शिका. म्हणून मी विचारलं, सर, तीन वर्षांनी मला नेमकं काय येत असेल? ते म्हणाले, सुंदर प्रश्न. आणि पुढच्या मुलीकडे वळले.

चिडू नकोस. मी प्रयत्न केला. तारे मला आवडलेही. पण कुठेही हात घालावा, तो मनगटापर्यंत बुडतो आणि तास संपतो.

गेल्या गुरुवारी आम्हाला विद्यापीठाच्या मागच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे कृत्रिम पाय बनवतात. एक तंत्रज्ञ होता, कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरा. एक बस कंडक्टर त्याच्याकडे आला होता. मांडीचा उरलेला भाग ज्या वाटीत बसतो ती त्याला घासत होती. तंत्रज्ञाने वाटी काढली, आतून एके ठिकाणी सालीएवढी खरवडली, घातली, चालायला लावलं, परत काढली. असं पाच वेळा. पाचव्या वेळी कंडक्टर दारापर्यंत जाऊन आला, काही बोलला नाही, खाली बसला आणि दुसऱ्या पायातला बूट घालायला लागला. बाकीच्या मुली उपचार आणि करुणा यांतल्या फरकावर टिपणं काढत होत्या. मी त्या वाटीकडे बघत होते.

आजी, मला ते यायला हवंय. त्याची चार वर्षांची पदवी इथेच आहे, पाण्याच्या टाकीमागच्या इमारतीत. तिथे ताऱ्यांचं, चित्रांचं काही नाही. हाडं, स्नायू, साचे, वजनं, बस्स. बदली घेता येते, पण अर्ज तीस सप्टेंबरच्या आत द्यायचा. पुढच्या वर्षी मग पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे हे वर्ष वाया. तारीख चुकली तर दारच बंद, कारण ही बदली पहिल्या वर्षातच मिळते. अर्ज सोबत आहे. खाली पालकाचा अंगठा लागतो, आणि पालक तू.

हे लिहिताना भीतीही वाटते, ती तुलाच सांगते. मला बाबांसारखं व्हायचं नाही. त्यांच्याइतकं कसब मिळालं तर हवंच आहे. पण जेवताना बघ त्यांच्याकडे. लिफ्टचा विषय निघाला तर बोलतात, नाहीतर ताटात बघतात. मी दहावीत असताना एकदा मुद्दाम मोजलं होतं, अकरा दिवस ते माझ्याशी एका वाक्याच्या पुढे गेले नाहीत. बाराव्या दिवशी समोरच्या इमारतीतली लिफ्ट बिघडली आणि तासभर बोलले. मला एक गोष्ट पूर्ण यावी, पण मी त्या एका गोष्टीएवढीच उरू नये. हे दोन्ही कसं जमवायचं हे इथले सर सांगत नाहीत आणि टाकीमागचेही सांगणार नाहीत. तू सांगू शकशील असं वाटतं, म्हणून लिहिलं.

अंगठा लवकर पाठव. इथला फोन महिनाभर बंदच आहे.

तुझी भिंगरी

ता. ५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आज लेखणी बदलली आहे. लिहितायत शेजारच्या टायपिस्टबाई. नोकरी सुटली तरी बोटं थांबत नाहीत त्यांची. माझी वाक्यं सरळ करायला बघतात, मी करू देत नाही.

कारण असं की तुझा बाप आणि मी बोलत नाही. तुझं पत्र आलं. त्याने वाचलं. तारे वाचले, निबंध वाचले, माझ्या जिवाला बरं वाटलं. मग एकदम त्याचा आवाज चढला, आणि काय तर म्हणे तुला ते सगळं सोडायचंय आणि एकच एक विद्या धरायचीय. शब्द तुझे म्हणून वाचले, पण वास त्याचा. गेली दोन वर्षं हा माणूस जे मला पटवू बघतोय, तेच नेमकं तुझ्या पत्रातून निघालं. मी म्हटलं, कागद दे इकडे.

अगं, मला अक्षर कळत नाही, पण कागद कळतो. पेनाने लिहिलेलं मागच्या बाजूने बोटाला लागतं. चार पानं शेवटपर्यंत भरलेली होती. तुझा बाप वाचतो किती वेगाने हे मला वीस वर्षं ठाऊक आहे, आणि त्याचं वाचन साडेतीन पानांत संपलं. कारखान्यात सोळा पानांच्या घडीला आम्ही फर्मा म्हणायचो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळा चौकोन छापलेला, दर वेळी थोडा खाली. गठ्ठा नीट लागला की पाठीवर जिना दिसतो. एक पायरी गळलेली मला दहा हातांवरून दिसायची. म्हटलं, अर्धं पान कुठे गेलं? तर म्हणतो, संपलं पत्र. आणि मान खाली.

जो अर्धं पान गाळतो तो अर्धं पान घालूही शकतो. त्याने हे आधी केलंय, तुला माहीत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं होतं, त्यात ती अंथरुणाला खिळल्याची ओळ होती. माझा रक्तदाब वाढेल म्हणून याने ती वाचलीच नाही. मला कळलं तेव्हा जाऊन भेटण्यासारखं कोणी राहिलं नव्हतं.

तेव्हा तो अर्ज मी त्याच्यादेखत फाडला. चार तुकडे. छापलेला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा फाडला. तो पत्र खिशात कोंबून कामावर गेला. कृत्रिम पाय, कंडक्टर, वाटी, हे सगळं त्याला सुचलं कुठून याचं मात्र मला कौतुक वाटतंय. लहानपणी शाळेत याला गाईवर पाच वाक्यं सुचली नव्हती.

टायपिस्टबाई विचारतायत, एक विद्या शिकली तर बिघडलं काय? त्यांना सांगितलं ते तुलाही सांगते. आम्ही बारा जणी कागद दुमडणाऱ्या. शिवणाऱ्या निराळ्या, पुठ्ठेवाल्या निराळ्या, एकीने दुसरीच्या टेबलाला हात लावायचा नाही. एक दिवस दुमडायचं यंत्र आलं. सकाळी त्याचं खोकं उघडलं, दुपारी आम्ही बारा जणी बाहेरच्या बाकावर. मुकादम म्हणाला, तुमचं काम हे करतंय, दुसरं काय येतं? एकीलाही तोंड उघडता आलं नाही. तो बाक मी तुझ्यासाठी नको म्हणते, दुसरं काही नाही.

तू ताऱ्यांचं पुढचं लिही. आणि पत्र बाईंच्या पत्त्यावर पाठव.

तुझी आजी

ता. १४ सप्टेंबर

आजी,

ते मीच लिहिलं होतं. सगळं. कंडक्टरसुद्धा माझा.

मला माझ्याच पत्राचा पुरावा द्यावा लागतोय, म्हणून देते. प्रवेशाच्या दिवशी ऑफिसबाहेर आपण दोघी बसलो होतो. समोरच्या फळ्यावर काय लिहिलंय असं तू हळूच विचारलंस. मी वाचलं. तू म्हणालीस, त्याच्या खालचं. मग त्याच्या बाजूचं. शेवटी मी तुला आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचून दाखवल्या आणि तू म्हणालीस, हे बरं लिहिलंय, नेमकं. बाबा तिथे नव्हते. आता पटलं मी कोण ते?

तुझा हात चुकला नाही. अर्धं पान गळलं होतं. पण ते तुला फसवायला नाही गाळलं, त्यांना स्वतःलाच मोठ्याने वाचवेना म्हणून गळलं. त्यात मी बाबांबद्दल लिहिलं होतं, चांगलं नव्हतं. तुला लिहिताना मी तुझ्याशी बोलत असते, मधे बाबा बसलेत हे विसरते. त्यांनी ते मनात वाचलं असणार, आणि वर तू त्यांना खोटं पाडलंस. आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने यायचं ते मला कळत नाही, आणि राग तुझा येतोय.

कारण तुला मी जगातलं सगळं वाचावं असं वाटतं, पण मी लिहिलेलं एक पान तुला खरं वाटत नाही. मी तुला हवं ते म्हटलं असतं तर तू पानं मोजली असतीस का?

आणि त्या बाकाचं. तुझी गोष्ट मला पाठ आहे, पण तू ती अर्धीच सांगतेस. त्या बाकावरून परत आत कोण गेलं? तू. कशाने? चार महिने शिवणाऱ्यांच्या टेबलाशी उभं राहून, बोटं सुजेपर्यंत शिवण शिकलीस म्हणून. तू शिवणाची ओळख करून घेतली नव्हतीस आजी. तू शिवण शिकलीस. मला दुसरं काही नकोय.

नवा अर्ज सोबत आहे. दुसरा देताना कारकुनाने पाऊण तास व्याख्यान दिलं की कागद झाडावर उगवत नाहीत. कागद झाडापासूनच होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. तीस तारीख शेवटची. त्याच्या आत अंगठा आला नाही तर मी तीन वर्षं चर्चेवर निबंध लिहीत बसेन आणि प्रत्येकाच्या शेवटी तुझं नाव घालीन.

भिंगरी

ता. १९ सप्टेंबर

प्रिय बाळ,

मी स्वतःहून पत्र लिहायची सवय नाही. इतकी वर्षं लिहिली ती आईची.

टायपिस्टबाईंनी तुझं पत्र आईला काल वाचून दाखवलं. मी दारात होतो. आई बाईंना म्हणाली, पुन्हा वाचा. मग आत गेली.

तुझं ते चार पानी पत्र मी आज टेबलावर ठेवून दिलं. ते अर्धं पान मला मोठ्याने म्हणता आलं नाही, हे खरं. आईला सांगता आलं असतं की त्यात माझ्याविषयी आहे. सांगितलं नाही. माझ्या मावशीची, म्हणजे आईच्या बहिणीची, ओळ गाळली त्याचं तिने मनात ठेवलंय, तेही बरोबरच आहे.

अकरा दिवस म्हणतेस, असतील. मला लक्षात नाही. माझ्या कामात कसं आहे, लिफ्ट नीट चालली तर कोणी मला बोलावत नाही. घरीही तसंच वाटायचं, की सगळं नीट चाललंय. हा खुलासा नाही, फक्त कसं वाटायचं ते.

माझं जे म्हणणं होतं तेच तू मागतेयस, म्हणून मला आनंद व्हायला हवा. आवाज चढला तो त्यानेच. पुढचं पान उलटल्यावर उतरला.

अंगठा अजून झालेला नाही. मी मागणार नाही. मी मागितला तर ती कधीच देणार नाही.

बाबा

ता. २५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

लिहितोय तुझा बाप. हो, तोच.

पाच-सहा दिवस मी कोणाशी बोलले नाही. टायपिस्टबाई म्हणतात बोलत होते, फक्त भांड्यांशी, आणि भिंतीपलीकडे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

तुझं नंतरचं पत्र ऐकलं. ‘तुला हवं ते म्हटलं असतं तर पानं मोजली असतीस का’ ही ओळ मी बाईंकडून चारदा वाचून घेतली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, अहो, आता पाठ झाली असेल. झालीच आहे. मोजली नसती.

काल सकाळी मी याला टेबलाशी बसवलं. तुझं चार पानी पत्र हातात दिलं आणि म्हटलं, मागचं अर्धं पान वाच. म्हणाला, बाईंकडून घे वाचून. मी म्हटलं, बाईंकडून नको. त्याने वाचलं. मधे एकदा थांबला, पाणी प्यायला, परत त्याच ओळीपासून सुरू केलं. एकही शब्द गेला नाही, माझं बोट कागदाखाली होतं. संपल्यावर बराच वेळ आम्ही दोघं ताटात बघावं तसे टेबलात बघत बसलो. मग मी त्याला खोटारडा म्हटल्याचं परत घेतलं. माझ्या बहिणीचं मात्र परत घेतलेलं नाही, तेही सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे. हे सगळं तो आत्ता मान खाली घालून लिहितोय आणि टेबल अजिबात हललेलं नाही.

आता तू जे विचारलंस त्याचं. एक गोष्ट पूर्ण यावी आणि तेवढंच उरू नये, हे कसं जमवायचं. मला सांगता येत नाही. मला शिवण आलं तेव्हा मी दोन वर्षं शिवणाशिवाय दुसरं काही बोलत नव्हते, हा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो कोणाकडून काय शिकला ते तूच बघ. हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं, आलं नाही, त्याचा मला फार राग आहे. कोणावर काढायचा ते ठरत नाही.

आणि गैरसमज नको, मला पटलेलं नाहीये. एक वर्ष फुकट घालवून टाकीमागे चार वर्षं नुसती हाडं मोजायची, हे मला आजही चुकीचं वाटतं. तो कंडक्टर न बोलता दुसरा बूट घालायला लागला, हे तुला दिसलं ते याच कॉलेजच्या त्या गुरुवारच्या फिरतीमुळे, हे विसरलीस. पण पाय तुझा, वाटी तुझी. घासतंय कुठे ते मला बाहेरून कसं कळणार.

तर अंगठा. तो आजच द्यायला बसलो. याने शाईचा पॅड आणला, कागदावर सराव केला. उठतो काय, नुसता काळा डाग. बावीस वेळा केलं. कागद दुमडून दुमडून माझ्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्यात म्हणे, एकही उरलेली नाही. डाव्याचा तोच प्रकार, उजव्याचाही तोच. प्रवेशाच्या वेळी मी समोर उभी होते म्हणून त्या कारकुनाने मुकाट घेतला. असा डाग टपालाने पाठवला तर तो म्हणेल, बुटाचा आहे, आणि तुझी तारीख जाईल. अर्ज तसाच कोरा ठेवलाय.

याने दोन दिवसांची रजा टाकली आहे. हे पत्र तुला एकोणतीसला मिळेल. आम्ही तीस तारखेला पहिल्या बसने निघतो, ऑफिस उघडताना दारात असू. बसमध्ये चार तास आहेत. मी याला सांगितलंय, लिफ्टचं एक अक्षर काढायचं नाही. त्याने विचारलं, मग बोलायचं काय? मी म्हटलं, ते तुला शोधायचंय, आणि तेवढ्यात मीही शोधते.

तू पत्र मिळेल त्याच दिवशी त्या कारकुनाकडे जा आणि सांगून ठेव की पालकाचा अंगठा कागदावर येत नाही, म्हणून पालक अंगठ्यासकट येते आहे. आणि मी बाकावर बसणार नाही, हेही सांग. मी खिडकीशी उभी राहीन.

तुझी आजी